बुडालेल्यांची चित्रे

भूमध्य समुद्रात शिडाच्या नौकेने हिंडणाऱ्यांचा हंगाम साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात सुरू होतो आणि ऑक्टोबर सरता सरता आटोपतो. त्यानंतर पुष्कळशा नौका पाण्याबाहेर काढून, शिडे उतरवून, टेकूंवर उभ्या केल्या जातात आणि त्यांचे मालक हिवाळाभर घरी बसून झालेल्या प्रवासाचा हिशेब मांडतात. हा हिशेब इंधनाचा, बंदरांच्या भाड्याचा आणि कापलेल्या सागरी मैलांचा असतो, पण त्यात बहुधा कागदावर न येणारे एक कलमही असते, ते म्हणजे आपण सुखरूप परतलो याचे श्रेय कोणाच्या खात्यावर मांडायचे हे. स्वतःच्या कौशल्याच्या, हवामानखात्याच्या, नशिबाच्या की देवाच्या, या प्रश्नाला भूमध्य समुद्राच्या काठी निदान अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील सर्वांत अडचणीची बाजू अशी की मागे वळून पाहण्याची संधी ज्याला मिळते तो नेहमी वाचलेलाच असतो.

प्राचीनांना हंगामाची मर्यादा आजच्यापेक्षा फार कडक होती. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास युद्धशास्त्रावर लिहिणारा रोमन ग्रंथकार व्हेगेटियस याने 27 मे ते 14 सप्टेंबर हा काळ निर्धास्त नौकानयनाचा, तेथून 11 नोव्हेंबरपर्यंतचा काळ धोक्याचा, आणि 11 नोव्हेंबर ते 10 मार्च हा काळ समुद्र ‘बंद’ असण्याचा म्हणून सांगितला आहे. त्याच्याही सुमारे हजार वर्षे आधी ग्रीक कवी हेसिओड याने आपल्या ‘कृती आणि दिवस’ या काव्यात उत्तरायण संपल्यानंतरचे पन्नास दिवस प्रवासाला उत्तम ठरवले आणि लगेच असेही जोडले की पोसायडन किंवा झ्यूस यांनी नाश करायचेच मनात आणले तर मात्र उपाय नाही. हेसिओड स्वतः जन्मात एकदाच जहाजात बसला होता, आणि तोही ऑलिसपासून युबिया बेटापर्यंतच्या, आज पूल असलेल्या चिंचोळ्या सामुद्रधुनीपुरता. हे तो स्वतःच सांगतो, आणि तरीही सल्ला देताना कचरत नाही. समुद्राविषयीचे बरेचसे तत्त्वज्ञान किनाऱ्यावर बसूनच लिहिले गेले आहे, ही गोष्ट पुढील विवेचनातही ध्यानात ठेवलेली बरी.

मागे पाहण्याच्या क्रियेत घटनांचे रूप कसे पालटते हे नौकेच्या नोंदवहीवरून, म्हणजे ज्या वहीत ठरावीक वेळाने स्थान, दिशा, वाऱ्याचा जोर आणि हवेचा दाब टिपला जातो त्या लॉगबुकवरून, चांगले कळते. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून ‘मेल्टेमी’ नावाचा वारा वाहतो. बाल्कन प्रदेशावरचा जास्त दाब आणि अनातोलियावरचा कमी दाब यांच्या ओढीतून तो निर्माण होतो, आकाश निरभ्र असतानाही तो कित्येक दिवस थांबत नाही, आणि त्याच्यामुळे लहान नौकांना एखाद्या बेटाच्या आडोशाला अडकून पडावे लागते. वहीत त्या दिवसांची नोंद रुक्ष असते, त्यात वाऱ्याचा जोर सात, निघणे रद्द, दुसरा नांगर टाकला एवढेच असते. हिवाळ्यात तीच नोंद वाचणारा मनुष्य मात्र तिच्याभोवती अर्थ विणू लागतो, कारण अडकून पडल्यामुळे ते बेट पाहायला मिळाले, तिथे कोणाशी ओळख झाली, त्या ओळखीमुळे पुढचा मार्ग बदलला, आणि अशा रीतीने खोळंबा ही योजना होती असे वाटू लागते. ईश्वरी योजनेवरील श्रद्धेला, म्हणजे जगातील घटना एका हेतूने जुळवलेल्या आहेत या श्रद्धेला, पुढे पाहताना क्वचितच आधार सापडतो. तिचा आधार बहुतेक वेळा स्मृतीत असतो.

या प्रकारच्या स्मरणाचा थोर नमुना ख्रिस्ती संत ऑगस्टीनच्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथात आहे. इ.स. 383 मध्ये तो कार्थेजहून रोमला निघाला तेव्हा त्याची आई मोनिका त्याने जाऊ नये, किंवा जायचेच तर आपल्याला सोबत न्यावे, म्हणून बंदरापर्यंत त्याच्या मागे आली. एका मित्राला निरोप द्यायचा आहे अशी थाप मारून त्याने तिला जवळच्या सिप्रियन संताच्या स्मृतिस्थळी रात्र काढायला लावली आणि रातोरात शिडे उभारून निघून गेला. ती प्रार्थना करीत होती की देवाने त्याला जाऊ देऊ नये. पुढे मिलान येथे त्याचे मतांतर झाले, आणि बऱ्याच वर्षांनी मागे पाहताना त्याने असा निर्वाळा दिला की देवाने आईचे त्या रात्रीचे मागणे नाकारले ते तिचे आयुष्यभराचे मागणे पुरवण्यासाठी. हा निर्वाळा हृद्य आहे, पण तो देता यावा म्हणून त्या रात्रीचे जहाज आधी इटलीच्या किनाऱ्याला लागावे लागले. ते मध्येच बुडाले असते, तर मोनिकाची प्रार्थना योग्य होती आणि ती ऐकली गेली नाही एवढेच उरले असते, आणि ते लिहायला कोणी उरले नसते.

नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवणारी कथा रोमन लेखक सिसेरोने ‘देवांच्या स्वरूपाविषयी’ या संवादग्रंथाच्या तिसऱ्या भागात दिली आहे. उत्तर एजियनमधील समोथ्रेस बेटावर ‘महान देवतां’चे पीठ होते, तेथील गुप्त दीक्षा घेतलेल्यांना समुद्रावर अभय मिळते अशी दूरवर ख्याती होती, आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेली, जहाजाच्या नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर उतरणारी पंखधारी विजयदेवतेची मूर्ती 1863 मध्ये तिथेच सापडली. वादळातून वाचलेले लोक त्या पीठात नवस फेडण्यासाठी चित्रफलक टांगत असत. मेलोस बेटाचा डायागोरस, ज्याला प्राचीनांनी नास्तिक म्हणून नावाजले किंवा निंदले, तिथे आला असता एका मित्राने त्या फलकांकडे बोट दाखवून विचारले की देव माणसांची चिंता वाहत नाहीत असे अजूनही म्हणायचे आहे काय. डायागोरसचे उत्तर असे होते की जे बुडाले त्यांची चित्रे कुठेच काढलेली नाहीत, म्हणून असे दिसते. हीच गोष्ट इतरत्र डायोजेनिसच्या नावावर सांगितली जाते, आणि चांगल्या उत्तरांना मालक बदलण्याची सवय असतेच. फ्रान्सिस बेकनने 1620 च्या ‘नोव्हम ऑर्गानम’ मध्ये ती पुन्हा सांगितली, आणि अनुकूल दाखले मोजून प्रतिकूल दाखले विसरण्याची मानवी बुद्धीची खोड दाखवण्यासाठी तिचा उपयोग केला. आजच्या संख्याशास्त्रात या दोषाचे वर्णन ‘वाचलेल्यांचाच नमुना घेणे’ असे करता येईल.

सिसेरोने डायागोरसची दुसरीही एक गोष्ट लगोलग सांगितली आहे, आणि ती कमी प्रसिद्ध असली तरी पहिलीहून अधिक धारदार आहे. तो जहाजात असताना वादळ सुटले, आणि घाबरलेले खलाशी म्हणू लागले की अशा माणसाला जहाजात घेतल्याचे हे फळ आहे. तेव्हा त्याने त्याच पट्ट्यात हेलकावे खाणारी बाकीची जहाजे दाखवून विचारले की त्या प्रत्येकात एकेक डायागोरस बसला आहे काय. पहिली गोष्ट सुटकेचे श्रेय देवाला देण्याविरुद्ध आहे आणि दुसरी संकटाचा दोष पाप्याला देण्याविरुद्ध. दोन्ही एकत्र वाचल्या म्हणजे कळते की त्याचा खरा रोख समुद्राच्या वागण्यातून माणसांची पात्रता वाचण्याच्या सवयीवर होता.

नवस फेडण्याची चाल मात्र या युक्तिवादाने थांबली नाही. मार्सेय शहरावरच्या टेकडीवरील, 1864 मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या नोत्र-दाम द ला गार्द या चर्चमध्ये छताला लहान लहान जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत आणि भिंतींवर आभाराचे फलक आहेत. मॉन्टेनेग्रोच्या कोटोर उपसागरात, पेरास्त गावासमोर, ‘खडकावरची माउली’ या नावाचे बेट आहे. दंतकथेप्रमाणे 1452 मध्ये 22 जुलै रोजी तिथल्या खडकावर मेरीची प्रतिमा सापडली, आणि त्यानंतर खलाशांनी दगड टाकून व जुनी जहाजे बुडवून ते बेटच तयार केले. तेथील चर्चमध्ये नवसाचे चांदीचे पत्रे ओळीने लावलेले आहेत, त्यांच्यावर जहाजे आणि लाटा उठवलेल्या आहेत, आणि दर वर्षी 22 जुलैला गावकरी होड्यांची माळ करून आजही तिथे दगड टाकतात. उन्हाळ्यात तिथे नांगर टाकणारा हौशी नाविक ते पत्रे पाहून हेलावतो, हे स्वाभाविक आहे, कारण त्याच्याही हंगामात एखादी रात्र अशी येऊन गेलेली असते. पण डायागोरसचा प्रश्न त्या चांदीलाही लागू पडतो.

या प्रश्नाला धर्मनिरपेक्ष वाटणारे एक उत्तर असे की सुटका ही तयारीची कमाई असते: हवामानाचा अंदाज पाहिला, शीड वेळेवर लहान केले, निवाऱ्याचे बंदर आधी हेरून ठेवले, म्हणून नौका परतली. या उत्तरात तथ्य आहे, आणि जो नाविक ते नाकारतो त्याच्याबरोबर समुद्रावर जाऊ नये. तरीही ते डायागोरसच्या कचाट्यातून सुटत नाही, कारण देवाच्या जागी स्वतःची कुशलता बसवली तरी वाचलेलाच आपल्या पात्रतेचा दाखला देत असतो. 19 ऑगस्ट 2024 च्या पहाटे सिसिलीतील पोर्तिचेल्लो गावाजवळ नांगरून असलेली ‘बेझियन’ नावाची 56 मीटर लांबीची शिडाची यॉट अचानक आलेल्या वादळात काही मिनिटांत बुडाली आणि तीवरील 22 जणांपैकी 7 जण दगावले, तर जवळच नांगरून असलेले दुसरे शिडाचे जहाज तगले आणि त्यानेच वाचलेल्यांना उचलून घेतले. यॉटचे नाव थॉमस बेझ या अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशकाच्या संभाव्यताविषयक सिद्धान्तावरून ठेवलेले होते. नवा पुरावा मिळाला की आधीच्या समजुतीत किती बदल करावा याचे गणित त्या सिद्धान्तात आहे, आणि बेझच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये ते प्रसिद्ध करणारा रिचर्ड प्राइस हाही धर्मोपदेशकच होता. या योगायोगाला विधिलिखित म्हणण्याचा मोह पुष्कळांना झाला असेल, पण दोन नौकांच्या त्या रात्रीतून आडाख्यांविषयी व बांधणीविषयी शिकता येते, माणसांच्या पात्रतेविषयी काही नाही.

कौशल्य आणि फळ यांची फारकत करणारा विचार स्टोइक संप्रदायाने मांडला. स्टोइक म्हणजे जे आपल्या हाती आहे तेवढ्यालाच चांगले-वाईट म्हणणारे आणि बाकी सर्व निर्विकारपणे स्वीकारायला शिकवणारे तत्त्वज्ञ. त्यांच्यातील एपिक्टेटस, जो मुळात गुलाम होता, पश्चिम ग्रीसमधील निकोपोलिस या नगरात शिकवीत असे. ते नगर ऑगस्टसने इ.स.पू. 31 मधील ॲक्टियमच्या आरमारी विजयानंतर वसवले, त्याचे अवशेष प्रेवेझा गावाच्या उत्तरेला आहेत, आणि समोरच्या ॲक्टिओच्या भूमीवर आज शेकडो नौका हिवाळ्यासाठी टेकूंवर उभ्या असतात. एपिक्टेटसचे म्हणणे असे की जलप्रवासात माणसाच्या हाती कप्तान, खलाशी, दिवस आणि वेळ निवडणे एवढेच असते. ते नीट केल्यावर वादळ आले तर त्याची चिंता कप्तानाने करावी, आणि जहाज बुडू लागलेच तर आरडाओरडा न करता, देवाला दूषण न देता, जन्मलेले जाणारच हे जाणून जावे. हा विचार बुडालेल्यांना कमी लेखत नाही, हे त्याचे मोठे श्रेय. पण तो परतलेल्याच्या मनात उसळणाऱ्या आनंदाला काहीच जागा देत नाही, आणि ॲक्टिओच्या आवारात नौकेचा तळ खरवडत उभ्या असलेल्या माणसाला तो कोरडा वाटला तर त्यात नवल नाही. रोमन कवी लुक्रीशियसने, ‘वस्तुस्वभावाविषयी’ या काव्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभी, किनाऱ्यावरून दुसऱ्याचे संकट पाहणाऱ्याच्या समाधानाचे वर्णन केले आहे आणि ते समाधान दुसऱ्याच्या दुःखाचे नसून स्वतः त्यापासून मुक्त असल्याचे आहे असा खुलासाही जोडला आहे. खुलासा द्यावा लागला यातच त्या समाधानाचे अवघडलेपण आले.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाच्या रोमप्रवासाचे वर्णन आहे, आणि प्राचीन नौकानयनाचा इतका तपशीलवार वृत्तान्त क्वचितच आढळतो. उपासाचा दिवस, म्हणजे यहुदी पंचांगातील प्रायश्चित्ताचा शरद ऋतूतील दिवस, उलटून गेला होता, म्हणजेच हंगाम संपत आला होता. कैदी असलेल्या पौलाने क्रीटमधील ‘सुंदर बंदर’ येथेच थांबण्याचा सल्ला दिला, तो मानला गेला नाही, ईशान्येकडून वादळ आले, आणि चौदाव्या रात्री 276 माणसांचे ते जहाज माल्टाच्या जवळ आले व दुसऱ्या दिवशी फुटले. सर्वच्या सर्व वाचले, त्यांत पौलाचे न ऐकणारेही होते आणि कैद्यांना मारून टाकावे असे म्हणणारे शिपाईही. तीन महिन्यांनी हे लोक ज्या जहाजाने पुढे गेले त्याच्यावर कॅस्टर आणि पोलक्स या ग्रीक जुळ्या देवांचे, म्हणजे खलाशांच्या रक्षणकर्त्यांचे, चिन्ह होते. हा तपशील ग्रंथकर्त्याने कोणत्याही शेऱ्याशिवाय नोंदवला आहे. सुटका इथे पात्रतेनुसार वाटलेली नाही, आणि तिला सांप्रदायिक सीमाही नाही.

हा धागा यहुदी परंपरेत स्पष्ट नियमाच्या रूपाने येतो. तालमूद, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या चर्चांचा संग्रह, त्यातील ‘बेराखोत’ या भागात एकशे सातव्या स्तोत्राच्या आधारे चार जणांनी आभार मानले पाहिजेत असे सांगितले आहे: समुद्रपार जाऊन आलेला, वाळवंट ओलांडलेला, दुखण्यातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. त्यासाठीच्या ‘हगोमेल’ नावाच्या आशीर्वचनात देवाला अपात्रांवर, देणे लागणाऱ्यांवर, उपकार करणारा असे संबोधलेले आहे. हे वचन एकट्याने पुटपुटून चालत नाही, किमान दहा जणांसमोर म्हणावे लागते आणि ऐकणाऱ्यांनी त्याला उत्तर द्यावे लागते. या रचनेचे तात्त्विक महत्त्व मोठे आहे. आभार मानणारा आरंभीच कबूल करतो की त्याचे वाचणे हा त्याच्या बाजूचा पुरावा नाही, त्यामुळे बुडालेला मनुष्य कमी धार्मिक वा कमी प्रिय होता असा निष्कर्ष त्याच्या तोंडून निघूच शकत नाही. डायागोरसच्या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी देवाच्या कारभाराचे समर्थन करावे लागत नाही. आभाराला पुराव्याची जबाबदारी द्यायची नाही, एवढे पुरते. इ.स. 1184 च्या डिसेंबरात मेसिनाजवळ फुटलेल्या जहाजातून वाचलेला अंदलुसी यात्रेकरू इब्न जुबैर याने आपल्या वृत्तान्तात ईश्वराचे आभार मानले आणि भाडे देऊ न शकणाऱ्या गरीब मुसलमान प्रवाशांचे पैसे सिसिलीच्या ख्रिस्ती राजाने, दुसऱ्या विल्यमने, भरले हेही लिहून ठेवले. त्याच्याही कथनात कृपा अनपेक्षित दारातून येते.

चित्र नसलेल्या बुडालेल्यांना जागा देणारी स्मृती मराठी वाचकाच्या अगदी जवळ आहे. कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला गेलेला यहुदी समाज, आपला उगम अलिबागजवळच्या नवगाव किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सांगतो; सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या अशी परंपरा आहे. इतिहासाला तिचा काळ ठरवता आलेला नाही. पण त्याच परंपरेत वाहून आलेल्या प्रेतांचे दफन आहे, आणि नवगावची ती दफनभूमी समाजाने पवित्र मानली आहे. नवस फेडताना किंवा शुभकार्यात हा समाज पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून एलिया प्रेषिताचे स्मरण करतो. समोथ्रेसच्या भिंतीवर जे नव्हते ते इथे आहे, कारण वाचलेल्यांची वंशकथा बुडालेल्यांच्या कबरींपासून सुरू होते.

आजच्या भूमध्य समुद्रात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. ज्या शांत महिन्यांत हौशी नौका बाहेर पडतात त्याच महिन्यांत लिबिया आणि ट्युनिशियाच्या किनाऱ्यांवरून स्थलांतरितांनी गच्च भरलेल्या होड्याही निघतात, कारण समुद्र दोघांनाही तोच असतो. 2013 च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस यांनी इटलीच्या लाम्पेदुसा बेटावर मृत स्थलांतरितांसाठी उपासना केली, आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला, बहुतेक यॉट परतीच्या तयारीत असताना, त्या बेटाजवळ एक होडी पेटून उलटली आणि साडेतीनशेहून अधिक माणसे बुडाली. 2014 पासून आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने ठेवलेल्या नोंदीत या समुद्रातील मृत व बेपत्ता लोकांचा आकडा 25,000 च्या पुढे गेला आहे. संकटातील माणसाला, तो कोणीही असो, कप्तानाने मदत केली पाहिजे हा आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याचा नियम आहे, आणि तोही पात्रता विचारत नाही. ज्याच्या खिशातील पारपत्र योग्य रंगाचे असल्यामुळे किनारा खुला होता, त्याच्या सुखरूप हंगामात कौशल्य किती आणि जन्मस्थान किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

राहतो तो प्रश्न असा की ज्याच्या हंगामात काहीच घडले नाही, मेल्टेमीने दोन दिवस अडवले आणि एकदा नांगर सरकला एवढेच झाले, त्याने आभार मानावेत काय. याच स्वरूपाचा वाद धर्मशास्त्रात झालेला आहे. व्हेनिसमध्ये 1565 साली छापलेल्या ‘शुल्हान आरुख’ या विधिसंहितेत योसेफ कारो याने दोन चाली नोंदवल्या आहेत. जर्मनी आणि फ्रान्समधील यहुदी गावाहून गावाला गेल्यावर हगोमेल म्हणत नाहीत, कारण त्यांच्या मते ते श्वापदे आणि दरोडेखोर असलेल्या वाटांसाठीच आहे; स्पेनमधील यहुदी मात्र म्हणतात, कारण त्यांच्या मते प्रत्येक वाट धोक्याची आहे असेच गृहीत धरायचे असते. कारोचे कुटुंब 1492 च्या हद्दपारीत स्पेनमधून निघाले होते, आणि तो स्वतः पुढे गॅलिलीतील सफेद येथे जाऊन राहिला. स्पेनच्या चालीचे कारण त्या हद्दपारीत शोधणे चूक ठरेल, ती चाल अधिक जुनी आहे. पण लाम्पेदुसाच्या पाण्यावरून शिडे फुगवून निर्वेध घरी परतलेल्या नाविकाला लागू करायची झाली तर याच दुसऱ्या चालीचे गृहीतक वस्तुस्थितीला धरून आहे.